डब्यात डबा

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा तिचं डोकं त्याच्या कचऱ्याच्या डब्यात होतं. डबा सुक्या कचऱ्याचा होता, फाटकाबाहेर ठेवलेला, एवढंच काय ते समाधान! हातात रबरी मोजे, कपाळावर घामाने चिकटलेली बट, आणि तोंडाने पुटपुट चाललेली, "सापडला! हाच तो शहाणा!"

"काही हरवलंय का तुमचं?" मागून कोणीतरी अगदी अदबीने विचारलं.

ती वळली. समोर एक तरुण उभा होता. हातात दाढीचा ब्रश, अर्ध्या गालावर फेस, आणि डोळे हसरे... आता अशा वेळी डोळ्यांकडे कोण बघतं? पण तिने बघितलं, आणि बघितलं म्हणून तिचा राग आणखीनच वाढला.

"हे तुम्ही भरता?" तिने एक पत्र्याचा डबा त्याच्या नाकासमोर धरला. "पत्र्याच्या डब्यात काचेची बरणी, बरणीत औषधाची प्लास्टिकची बाटली, बाटलीत कागदाच्या घड्या. वर झाकण, झाकणावर चिकटपट्टी!"

"हो, मीच." तो खुलला. "जागा किती कमी लागते बघा ना!"

तिने कपाळाला हात लावला, रबरी मोज्यासकट.

ती सुका कचरा निवडायच्या केंद्रात मुकादम होती. नजर इतकी तीक्ष्ण की सगळे तिला घार म्हणत. गावभरचे ट्रक तिथे रिकामे होत आणि कचरा सरकत्या पट्ट्यावर चढे. आधी खोकी उचलायची, मग कागद, मग प्लास्टिक, आणि शेवटी एक भलंमोठं लोहचुंबक पत्र्याचे डबे वर ओढून घेई. डब्याच्या पोटात काय दडलंय ते चुंबकाला काय ठाऊक! डबे दाबून त्यांचे गठ्ठे व्हायचे आणि वितळवायला भट्टीला जायचे. गेल्या महिन्यात भट्टीने दोन गठ्ठे परत पाठवले होते. आत काच, आत प्लास्टिक. तिसरा परत आला तर पत्र्याचं सगळं काम लांबच्या केंद्रावर हलणार होतं, आणि कामाबरोबर तीही. घरी आई एकटी. म्हणून ती गेला आठवडाभर डोळ्यांत तेल घालून एकेका गल्लीतले डबे उपसत होती.

हे सगळं तिने त्याला एका दमात ऐकवलं. त्याच्या गालावरचा फेस वाळून गेला.

"चुकलंच माझं," तो हळूच म्हणाला. "मी कपबश्यांच्या कारखान्यात पॅकर आहे. पेटीत पोकळी राहिली की माल फुटला, हा आमचा पहिला धडा. रिकामं काही दिसलं की हात आपोआप... भरतोच."

"आमचा धडा बरोबर उलटा. सगळं रिकामं, सुटं आणि धुतलेलं."

"म्हणजे मी जोडणार, तुम्ही सोडवणार..." तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मग आपलं जमायचं कसं?"

"अरे, अर्ध्या दाढीने कोणाशी जमवतोयस?" खिडकीतून त्याच्या आत्याचा आवाज आला, आणि तो घरात पळाला. ती मात्र केंद्रावर पोचेपर्यंत हसत होती.

केंद्राच्या साहेबांनी फर्मान काढलं, पुढचा गठ्ठा पास होईपर्यंत त्या घराचा डबा दर मंगळवारी तपासायचा. पडत्या फळाची आज्ञा! मंगळवारी ती जरा लवकरच निघाली. वेणी दोनदा घातली, पण त्याचा तपासणीशी काही संबंध नव्हता, असं तिने स्वतःला बजावलं.

तो अंगणात बसून बरण्या धूत होता.

"वीस वर्षं सांगतेय, ताट तरी घासून ठेवत जा," आत्या दारातून म्हणाली. "ते नाही. आता बरण्या घासतोय, त्याही फेकायच्या! अगं, काय जादू केलीस याच्यावर?"

"आत्या!" तो कानापर्यंत लाल झाला. मग दुधाचा एक खोका पुढे करत तिला म्हणाला, "हा कागदात की प्लास्टिकमध्ये?"

"वेगळा ठेवा. दिसतो कागदाचा, पण आत भलताच थर असतो."

"काही माणसंही अशीच असतात... वरून नुसती रागीट."

"माणसांची तपासणी आम्ही करत नाही," ती म्हणाली, आणि भराभर कागद चाळू लागली. तोच कागद तिने तीनदा चाळला.

त्याच्या पुढच्या मंगळवारी अचानक सर आली. फाटकाबाहेर खोक्यांची चळत होती.

"पुठ्ठा भिजला की गेला!" ती ओरडली. "त्याचा लगदा नीट होत नाही!"

तो धावत आला, अंगातला रेनकोट काढला आणि खोक्यांवर पसरला. मग तिथेच उभा राहिला... केसांतून पाणी निथळतंय, शर्ट अंगाला चिकटलाय.

"अहो, तुम्ही भिजताय!"

"मी वाळेन ना," तो म्हणाला. "पुठ्ठ्याचं तसं नाही, तुम्हीच सांगितलंत."

तिने आपली छत्री त्याच्या डोक्यावर धरली. छत्री लहान होती. ट्रक येईपर्यंत दोघांचा एकेक खांदा भिजत राहिला. तिला वाटलं, ट्रकला आणखी थोडा उशीर झाला तर काय बिघडणार आहे?

सोमवारी गठ्ठा पास झाला. पट्ट्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, घरी आईने तिला जवळ घेतलं. तीही हसली. इथलं काम वाचलं खरं, पण त्या घराची तपासणी आता संपली होती.

मंगळवारी ती शेवटच्या तपासणीला गेली. डबा उघडला. बरण्या लखलखीत, झाकणं वेगळी, पत्रा सुटा, खोकी चपटी. तिने तळापर्यंत शोधलं. इतरांच्या चुका काढण्यात हयात गेली, पण चूक सापडावी म्हणून जीव असा कधी तुटला नव्हता. तपासणीच्या कागदावर 'दोष' असा एक रकाना होता. तिथे एक शब्द लिहिला असता तर नियमाप्रमाणे तपासणी महिनाभर वाढली असती, आणखी चार मंगळवार मिळाले असते. पेन रकान्यावर थांबलं... आणि तिने लिहिलं, 'नाही'. खाली सही केली.

"पास झाला का गठ्ठा?" तो फाटकाशी येऊन उभा होता.

"झाला."

"म्हणजे तुम्ही आता इथेच राहणार!"

"हो. पण तुमच्याकडे... आता माझं काही काम नाही."

तो फाटकाची कडी उगाच वर-खाली करत म्हणाला, "आज सकाळी एक बरणी मी पत्र्याच्या डब्यात घातली होती. झाकणही लावलं. म्हटलं, चूक दिसली की तुम्ही परत याल."

"मग? मला तर नाही दिसली."

"काढली परत. चुकून तुमच्या नजरेतून सुटली असती तर बोलणी तुम्हाला बसली असती. तुम्हाला अडचणीत टाकून तुम्हाला बोलवायचं... नाही जमलं मला."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. घार म्हणे! तिने कागद त्याच्यापुढे धरला. "मीसुद्धा इथे खोटंच लिहिणार होते."

"का नाही लिहिलंत?"

"तुम्ही मला आवडता," ती म्हणाली. इतकं सरळ बोलली की तिचं तिलाच नवल वाटलं. "आवडत्या माणसाकडे खोटं बोलून कसं यायचं?"

खिडकीतला पडदा जोरात हलला.

"तुम्हीही मला..." तो अडखळला. "पहिल्या दिवसापासून. तुम्ही माझ्यावर ओरडत होतात ना, तेव्हापासून."

दूर कुठेतरी ट्रकचा हॉर्न वाजला. तिने मोजे काढले, डोळे पुसले, कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"उद्या येते," ती म्हणाली.

"उद्या बुधवार. बुधवारी आमच्या गल्लीत ट्रक येत नाही."

"माहितीय," ती म्हणाली. "मी येतेय."