चौथ्या ठोक्यावर

पावाच्या दुकानातल्या थाळीत एकच गोड पाव उरला होता, आणि त्यावर दोन चिमटे एकदमच पडले.

"तो माझा आहे," यारेली म्हणाली.

"नाव लिहिलंय का त्यावर?" समोरच्या तरुणाने चिमटा काही सोडला नाही.

"मला तालमीला जायचंय. उपाशीपोटी उड्या मारू की काय?"

"मग घे बाई. मला नुसत्या झेलायच्याच आहेत..." तो हसला आणि निघून गेला.

त्या बोलण्याचा अर्थ तिला दहा मिनिटांनी कळला. तालमीच्या हॉलमध्ये तोच बसला होता, बुटांच्या नाड्या बांधत. एलिसेओ — फ्रेस्नो शहरातून आलेला नाचातला तिचा नवा जोडीदार!

सालिनास गावच्या लेट्यूसच्या शेतात राबणाऱ्यांवर त्यांच्या नृत्यशिक्षिका दोन्या चायोंनी हे नृत्य बसवलं होतं. त्यांनी स्वतः बारा वर्षं लेट्यूस कापला होता. वाकलेल्या पाठी, लखलखणारे सुरे, टाचांचे ठोके... आणि शेवटी खोक्यांच्या उतरंडीवरून यारेलीने चौथ्या ठोक्यावर पाठमोरं स्वतःला झोकून द्यायचं. खाली जोडीदार झेलणार.

मार्चमध्ये आधीच्या जोडीदाराच्या हातून ती निसटली होती. गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण तेव्हापासून वर चढली की तिचे पाय जागच्या जागी थिजत.

"पोरी, रविवारच्या प्रयोगापर्यंत जमलं नाही तर उडी काढून टाकते," दोन्या चायो म्हणाल्या. "मग शेवट म्हणून नुसते हात जोडून उभे राहा सगळे."

चार दिवस एलिसेओ खाली उभा राहिला. चार दिवस ती शिडीने उतरली. तो एकदाही चिडला नाही.

"शिडीवरूनही झकास उतरतेस हं," तो म्हणायचा.

"गप्प बस!"

पण घरी जाताना त्याच्या डोळ्यांची आठवण येऊन ती उगीचच लाजायची.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत यारेलीचे बाबा होते, धुतलेली टोपी मांडीवर घेऊन. पडद्यामागे एलिसेओ तिच्यापाशी आला. चेहरा पांढराफटक.

"तुला एक सांगायचंय... गेल्या वर्षी माझ्या हातून एक मुलगी पडली. मनगट गेलं तिचं. त्यानंतर मी नाचणंच सोडलं होतं."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"आधीच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. पण तुला न सांगता खाली उभं राहणं... नाही जमणार मला. नको मारूस उडी. मी दोन्या चायोंना सांगतो, चूक माझी."

तेवढ्यात पडदा सरकला.

ती नाचली कशी, तिचं तिलाच कळलं नाही. मनात राग नुसता धुमसत होता. खोक्यांवर चढली, प्रेक्षकांकडे तोंड केलं, आणि पाय पुन्हा थिजले. एक ठोका. दोन. बाबा टोपी मुठीत आवळून बसले होते. तीन. खाली कोण उभं आहे, हे आता तिला पुरतं ठाऊक होतं. उशिरा का होईना, पण ज्याने खरं सांगितलं, तो.

चार.

तिने स्वतःला झोकून दिलं.

पाठीखाली दोन हात आले — घट्ट. पाचव्या ठोक्याला त्याने तिला खाली ठेवायचं होतं. पाचवा गेला, सहावा गेला...

"उतरव ना," ती पुटपुटली.

"हात सुटत नाहीयेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा पडला तरी ती तशीच होती.

"सांगितलं नसतंस, तर शिडीनेच उतरले असते," ती म्हणाली.

"मग अजून एक सांगू?"

"सांग..."

"त्या मुलीनंतर कुणाला हात लावायचीही भीती वाटायची. आता तुला सोडायची वाटतेय."

यारेलीने त्याच्या घामेजल्या मानेभोवती हात टाकला.

"मग नको सोडूस," ती म्हणाली.