शिखराच्या अलीकडे

"द्या इकडे! लिफ्ट बंद दिसतेय... चूक आमचीच. कितवा मजला?"

"सातवा, पण..."

तिचं 'पण' ऐकायला तो थांबलाच नाही. तिच्या पाठीवरची सॅक उतरवून त्याने खांद्यावर टाकली आणि दोन-दोन पायऱ्या घेत वर पळाला. चौथ्या मजल्यावर त्याची चाल मंदावली, आणि ती सातव्यावर पोहोचली तेव्हा गडी पायरीवर बसून भात्यासारखा धापा टाकत होता.

"काय भरलंय हो... हिच्यात?"

"वाळू," ती म्हणाली. "आणि लिफ्ट चालू आहे."

त्याने तोंडाचा आ वासला. मग तिनेच सांगितलं: ही वाळू तिला स्वतःच्याच पाठीवरून वर न्यायची होती, ती सराव करत होती, आणि परोपकारी साहेबांनी आजचा सराव पार बुडवला होता. रागावायचं तिने ठरवलं होतं, पण त्याचा चेहरा बघून हसूच फुटलं.

तो लिफ्टची देखभाल करणारा. बाई ओझं घेऊन जिना चढतेय म्हणजे लिफ्ट बिघडली, एवढं साधं गणित त्याने मांडलं होतं. ती खालच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. कॉलेजात असल्यापासून तिने एकच ध्यास घेतला होता. दूर उत्तरेतलं ते बर्फाचं उंच शिखर, आयुष्यात एकदा त्यावर पाय ठेवायचा. त्यापायी एक जुळत आलेलं लग्नही मोडलं होतं. "लग्नानंतर हे खूळ सोडावं लागेल हं," असं तो भावी नवरा गोड हसून म्हणाला होता. तिनेही तितकंच गोड हसून त्याला सोडलं होतं. पण ते वाक्य मात्र मनात सलत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टवाला पुन्हा जिन्यात हजर!

"आज कुठे बिघाड?" तिने विचारलं.

"लिफ्ट ठणठणीत आहे. काल माझाच दम निघाला... म्हटलं, आपणही जरा सराव करावा."

"हाताचं ग्रीस तरी पुसायचं!"

"पुसत बसलो असतो तर तुम्ही निघून गेला असतात की."

रोज सकाळी दोघं जिने चढू लागले. तो विनोद करायचा, ती "बोलू नका, दम जातो" म्हणून दटावायची, आणि तो गप्प बसला की तिलाच करमायचं नाही. एकदा तिच्या बुटाची नाडी सुटली तर तो पटकन खाली वाकला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चढण्यामुळे, असं तिने स्वतःला बजावलं.

ती शिखराच्या मोहिमेवर निघणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी तो दुकानात आला. चष्म्याच्या रिकाम्या फ्रेमशी उगाच चाळा करत म्हणाला, "एक सांगायचं होतं..."

ती मनात म्हणाली, हाही आता 'नका जाऊ' म्हणणार!

"काय?"

"...काही नाही. आल्यावर सांगतो."

ते अर्धवट वाक्य तिच्याबरोबर डोंगर चढलं. तंबूत वारा घोंघावत असतानाही तिला तेच आठवायचं. हा तसं म्हणाला तर? याला सोडणं जमेल आपल्याला?

शिखर समोर दिसत होतं. अगदी हाकेच्या अंतरावर म्हणावं इतकं. आणि थंडीने तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली. तुकडीचा म्होरक्या म्हणाला, "पुढे गेलीस तर बोटं जातील. तू ठरव." तिने शिखराकडे एकदा डोळे भरून पाहिलं, खूप रडली आणि मागे वळली.

परतीची बस गावात शिरली तेव्हा तिला वाटलं, तोंड लपवून उतरावं. पण खाली आई उभी होती. आणि आईची पिशवी धरून तो!

"आई, मी वर नाही गं पोहोचले..."

"खाली पोहोचलीस ना?" आईने तिला कवटाळलं. "म्होरक्याने फोनवर सांगितलंय, बोटं दाखव आधी." तिने हलवून दाखवली, तेव्हा कुठे आईचा जीव भांड्यात पडला. "हा रोज येऊन बसायचा बघ माझ्यापाशी. मला धीर द्यायचा म्हणे! आणि स्वतःच दर घडीला फोन बघायचा."

तो खाली मान घालून पिशवीचे बंद पिळत होता. तिने धीर करून विचारलं, "काय सांगायचं होतं?"

"सांगायचं नव्हतं... विचारायचं होतं. माझ्याशी लग्न करशील का, असं. पण तेव्हा विचारलं असतं तर तुला वाटलं असतं, पायात बेडी घालतोय."

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणत होता. तिने विचारलं, "आणि आता?"

"आता एवढंच विचारायचंय... पुन्हा जाशील तेव्हा लग्न त्याच्या आधी करायचं की नंतर? म्हणजे मला तशी रजा टाकायला बरं."

ती बघतच राहिली. इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा असा अलगद उतरला की तिला भर रस्त्यात रडू आणि हसू एकदमच आलं.

"आधीच उरका बाबांनो," आई म्हणाली. "हिचा काय भरवसा?"

"आधी," ती म्हणाली, आणि आईदेखत त्याचा हात धरला. बोटांना आता सगळं नीट जाणवत होतं.