मागच्या डाव्या सीटवरचं वजन

माझा मामा गाड्या दुरुस्त करतो, गोष्टी रचत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा त्याला धड देता येत नाहीत. म्हणून हे खरं आहे. मला त्यानं एकदाच सांगितलं, आणि सांगून होईपर्यंत हातातला पाना खाली ठेवला नाही.

मंगळवार. सकाळचे अकरा. त्याचंच गॅरेज, लख्ख उजेडात.

गाडी पन्नास वर्षांपूर्वीची. गिऱ्हाईक असलेल्या एका साहेबांनी जिवापाड जपलेली. तक्रार एकच...

मागच्या डाव्या चाकाकडून येणारी कटकट.

मामानं गाडी उचलली. सस्पेन्शनच्या रबरी बुशच्या पार चिंध्या झालेल्या. पाच-सहा वर्षं टिकणारा बुश वर्षभरात गेला होता.

आणि फक्त डावीकडचा.

"मागे दगड भरून फिरता का, साहेब?"

"आम्ही दोघंच असतो हो. दोघंही पुढे."

मामानं नवरा-बायकोला पुढे बसवलं आणि मागची उंची मोजायला टेप लावली.

मागची फक्त डावी बाजू दबली...

दोघं उतरले. ती वर आली.

पुन्हा बसवलं. पुन्हा दबली.

बाई काचेतून म्हणाल्या, "तिथे आमची छकुली बसायची. दोन वर्षांची होती, गेली तेव्हा."



मामानं त्या सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवून पाहिल्या. बाजू तितकीच दबायला अकरा किलो लागले.

दोन वर्षांचं मूल भरतं तेवढं.

पुढच्या वर्षी तेरा.

मग पंधरा. बुश दर खेपेला आणखी लवकर फाटायचा.

चौथ्या वर्षी साडेसतरा. "हाडापेरानं माझ्यावर गेलीय," बाई म्हणाल्या. साहेब हसले. मामाही हसला. घाम त्याला नंतर फुटला.

पाचव्या वर्षी...

बुश कोरा करकरीत. टेप लावली. बाजू जागची हलली नाही.

गाडी ठणठणीत आहे म्हटलं की लोक खूश होतात. बाई मात्र भिंतीला टेकल्या.

"नीट बघा ना, मिस्त्री. झोपली असेल."

मामाचा जीव तुटला. आणि जन्मात केली नव्हती ती चूक त्यानं मुद्दाम केली.

बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच आवळायचा असतो. हवेत लटकत असताना आवळला, तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मामानं नवा बुश घातला... आणि हवेतच आवळला.

"जरासा फाटला होता. माझ्याच नजरेतून सुटलं," तो म्हणाला. "यंदा वीस भरली बघा."

बाईंनी त्याचे ऑइलनं माखलेले हात धरले.

तीन आठवड्यांत गाडी परत. बुश फाटलेला. फाटणारच होता.

"तरी म्हटलं, जाईल कुठे!" बाई खुशीत होत्या.

मामानं दोघांना पुढे बसवून उगाच टेप लावली. बुश फाटला तर आवाज येतो, बाजू दबत नाही. वजन स्प्रिंग पेलते. त्याच्या लबाडीनं कटकट होईल, बाकी काही नाही.

बाजू दबली होती...

कधी नव्हती इतकी.

त्यानं दोघांना उतरवून पिशव्या ठेवल्या. वीस. चाळीस. साठ.

पिशव्या संपल्या. बाजू अजून तितकी खाली गेली नव्हती.

छकुली निघून गेली होती. रिकामी झालेली जागा मामानं राखून ठेवली... आणि तिथे कुणीतरी येऊन बसलं होतं.

त्यानं पिशव्या काढल्या. नवा बुश बसवला, या वेळी गाडी चाकांवर ठेवून.

"निघू ना, मिस्त्री?" साहेबांनी इंजिन चालू केलं.

बाई पुढे बसल्या नाहीत. मागचं दार उघडून आत वाकल्या.

"सरक गं जरा. आज मी बसते तुझ्याजवळ."

मामाला ओरडायचं होतं. पण काय सांगणार? ते वीस किलो खोटे होते म्हणून?

बाई आत बसल्या. दाराकडे त्यांनी अजून हात नेला नव्हता...

दार आतून ओढलं गेलं.

ती गाडी पुन्हा आली नाही. साहेबांचा नंबर मामाकडे आहे. त्याच्यानं तो लावला जात नाही. मला म्हणाला, तू लाव.

मीही लावलेला नाही.