रिकामा तळहात

मोबाईल ठेवा खाली, मगच सांगतो. आणि थापा म्हणाल तर याद राखा, माझ्या मावसभावाची गोष्ट आहे.

तो चितारी. संग्रहालयात जुनी चित्रं दुरुस्त करायचा, हंगामी नोकरीवर. तिथे एका राजाचं पुरुषभर उंच चित्र होतं. अशा चित्रांत उगाच काही नसतं बरं! सिंहासनाला कोरलेले सिंह म्हणजे सत्ता, बाजूचं जाडजूड पुस्तक म्हणजे कायदा. या राजाचा उजवा हात मात्र रिकामा, तळवा आपल्याकडे उघडा. 'माझ्या हातून कुणाचा जीव जाणार नाही,' असा त्याने प्रजेला शब्द दिला होता म्हणे.

संग्रहालयाचे साहेब म्हणाले, "राजा आहे की भिकारी? उद्या उद्घाटन आहे, तलवार द्या हातात. नोकरी कायम करतो तुमची."

घरी बायको, दोन पोरी. अडला हरी... चितारी हो म्हणाला.

गुरुवारची रात्र, सव्वाअकरा. दालनात तो एकटा. राजाची उघडी बोटं रंगाने झाकायची, वर मिटलेली काढायची, मग तलवार. करंगळी मिटवली. अनामिका मिटवली. तशी चिताऱ्याची स्वतःची बोटं आखडू लागली. "मेली ही थंडी!" म्हणत त्याने अंगठाही उरकला, तलवारीची मूठ नुसती तपकिरी रंगाने भरली आणि ब्रश खाली ठेवायला गेला.

ठेवता येईना.

मूठ उघडेना. डाव्या हाताने ओढलं. दातांनी ओढलं. नाहीच...

त्याने वर पाहिलं. राजा इतकी वर्षं समोर बघायचा. आता खाली बघत होता. चिताऱ्याच्या मुठीकडे.

चितारी जाम घाबरला. नोकरी जाईल... पण हातच गेला तर? "महाराज, चुकलो!" तो रडायलाच लागला. डाव्या हाताने टर्पेंटाइनचा बोळा घेतला. रंग ओलाच होता. तलवार पुसली. राजाचं एक बोट मोकळं झालं... याचं एक सुटलं. दुसरं... तिसरं... शेवटी अंगठा. ब्रश खाली पडला.

सकाळी साहेबांनी त्याला घरी बसवलं.

आता पाट्या रंगवतो. परवाच आला होता, मी मुद्दाम तळवा बघितला. ब्रशची दांडी पेन्सिलीएवढी असते ना? त्याच्या तळव्यावरचा वळ चांगला दोन बोटं रुंद आहे. वर वेलबुट्टी उमटलीय, पान न् पान मोजून घ्यावं अशी.

आणि तलवारीच्या मुठीवर नक्षी त्याने काढलीच नव्हती...