लाल ठिपक्याचं पातेलं

"पंचवीस माणसांना मी मांसाच्या रश्श्यात दूध खाऊ घातलं म्हणे," स्वयंपाकीणबाई खुर्चीत न बसताच म्हणाली. "आज चार वाजता मला काढणार आहेत."

मेव्हणीबाईंनी वही उघडली. खासगी तपासाचं काम त्या वीस वर्षं करत होत्या. शेजारी दाजी बसले होते, त्यांच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ताई जाऊन चार महिने झाले होते. दाजी घरी एकटेच दुधात पाव बुडवून दिवस काढतात, म्हणून मेव्हणीबाई त्यांना प्रत्येक कामावर बरोबर ओढून नेत.

दाजींची मान खाली होती. ते सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, समितीवर होते आणि बाईंना काढायच्या कागदावर त्यांचीही सही होती.

तिघं सिनेगॉगच्या स्वयंपाकघरात गेली. सामुदायिक जेवणाचे नियम तिथे भिंतीवर लावलेले होते. मांस आणि दूध एकत्र येता कामा नये. भांडी वेगळी, घासण्यासुद्धा वेगळ्या. मांसाच्या भांड्याच्या बुडाला लाल ठिपका, दुधाच्या भांड्याला निळा.

हे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या तपासनीसांनी लाल ठिपक्याचं पातेलं पुढे केलं. शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाचं, जेवण उरकल्यावर त्यांना कडीच्या खिळ्याखाली वाळलेलं दूध सापडलं होतं. नखाने खरवडलं तर एकाखाली एक पापुद्रे निघाले, वरचे पांढरे, खालचे तपकिरी.

"बाईंनी चहाचं दूध तापवलं असणार," ते म्हणाले.

मेव्हणीबाईंनी स्वयंपाकघराच्या दुसऱ्या, फक्त दुधाच्या पदार्थांसाठी राखलेल्या बाजूची चौकशी केली. रंगकामासाठी ती पंधरा दिवस बंद होती आणि किल्ली तपासनीसांच्याच खिशात होती. दारावरच्या पहारेकऱ्याला दूध पचत नसे. तो कोरा चहा करी आणि बाईही तोच पीत. शिवाय बाहेरचं खाणं आत येऊ नये म्हणून तो दारातच सगळ्यांच्या पिशव्या बघत असे.

"पातेलं इथे कधीपासून आहे?"

"जेवणाआधी चारच दिवस आलं," स्वयंपाकीणबाई म्हणाली. "दान होतं, ताईंच्या नावाने. चिठ्ठीवर 'मांसाचं' लिहिलेलं, म्हणून मी लाल ठिपका दिला. घासलं, पण खिळ्याखाली पाहिलं नाही. तेवढी चूक माझी."

दाजींना ती चिठ्ठी ठाऊक होती. ताईच्या आठवणीसाठी पातेलं त्यांनीच दिलं होतं. उगाच तिचं नाव या भानगडीत आलं, म्हणून ते मनातून चिडले.

चार वाजता समिती बसली. मेव्हणीबाई उभ्या राहिल्या.

"एकदा दूध तापवून असे पापुद्रे बसत नाहीत. कित्येक आठवडे रोज तापवावं लागतं. पातेलं इथे होतं चार दिवस, आणि इथे दुधाचा थेंबही नव्हता. म्हणजे दूध इथे लागलं नाही, पातेल्याबरोबर आलं." त्या थांबल्या. आवाज थोडा उतरला. "दाजी, तुम्ही घरी दूध कशात तापवता?"

दाजींच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला.

"तुझ्या ताईकडे सारखी दोन पातेली होती, एक मांसाचं, एक दुधाचं," ते म्हणाले. "हाताला येईल त्यात तापवायचो. मग वाटलं, मला एक पुरे, दुसरं इथे द्यावं."

"मग मांसाचं कोणतं, हे कसं ठरवलंत?" तपासनीसांनी विचारलं.

"अंदाजाने."

"कुणाला तरी विचारायचं होतं."

"लाज वाटली. चाळीस वर्षं तिच्या हातचं जेवलो आणि समितीत बसून इतरांना नियम शिकवले. कोणत्या तोंडाने विचारू?"

समितीच्या अध्यक्षांनी बाईंचा कागद फाडला आणि झालं गेलं विसरू या म्हणाले.

"नाही," स्वयंपाकीणबाई म्हणाली. "माझं नाव पंचवीस जणांसमोर घेतलंत. हेही पंचवीस जणांसमोर होऊ द्या."

मेव्हणीबाईंनी वही मिटली.

पुढच्या शब्बाथला जेवण वाढण्याआधी दाजी उभे राहिले. पातेलं आपण दिलं, चिठ्ठी आपण लिहिली, बाईंचा काही दोष नाही, इतकं त्यांनी न अडखळता सांगितलं. कोपऱ्यातून एका म्हाताऱ्या बाईंनी सहज विचारलं, मग घरच्या बाकीच्या भांड्यांचं काय?

दाजींनी बायकोच्या बहिणीकडे पाहिलं. मेव्हणीबाईंनी नजर वळवली.

"आमच्या घरातलं कोणतं भांडं कशाचं," ते म्हणाले, "ते मला माहीत नाही."