झाकणाची खडखड

ही गोष्ट खरी आहे. जिच्यावर बेतली ती मर्ल, माझी सख्खी नणंद.

सन १९७४, मे महिना. ऑस्ट्रेलियात, उत्तर क्वीन्सलंडात टलीजवळ आमची उसाची शेतं. तोडणीआधी फड पेटवले की सगळ्या गावाला जळक्या साखरेचा वास यायचा. तो वास आता कुठे येतो! पण तेव्हा पेटवायला अवकाश होता. ऊस डोक्याच्या वर गेलेला.

मर्लचा नवरा क्लाइव्ह दुसऱ्या महायुद्धातल्या दुर्मिळ रायफली जमवायचा. त्याला हवी होती जपानी रायफल, वर कोरलेलं शेवंतीचं फूल शाबूत असलेली. शरण आलेल्यांच्या रायफलींवरचं बादशहाचं ते फूल घासून टाकलेलं असे.

फूल शाबूत, म्हणजे रायफल बहुधा मेलेल्याच्या हातातून काढलेली.

तशी एक शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस टनीकडे होती. तिच्या नवऱ्यानं, जॅकनं, न्यू गिनीहून आणलेली. जॅक वारल्यावर तिनं ती क्लाइव्हला देऊन टाकली. रायफलीचं पातळ पत्र्याचं धूळझाकण मात्र बिस्किटाच्या डब्यातच ठेवलं. एकदा मर्लबरोबर चहाला गेला तेव्हा क्लाइव्हनं त्याचा विषय काढला.

"ते मागू नकोस, पोरा. चालताना खडखडतं. म्हणून जपान्यांचे बरेच शिपाई काढून टाकायचे. ही रायफल ज्याची, त्या पोरानं टाकलं नाही. जॅकनं आवाजावर गोळी झाडली. तोंड नंतर पाहिलं."

"मग फेकून का नाही दिलंत?"

"फेकलं तर तो शोधत येईल, म्हणायचा जॅक. रायफलीवर बसवलेलं होतं तोवर घराभोवती कुणीतरी चालायचं."

"उंदीर असतील, मिसेस टनी. तुमचे केक खाऊन जड झालेले!"

म्हातारी चहा ओतायला वळली. क्लाइव्हनं डब्यातून झाकण काढून खिशात घातलं.

मर्लनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, न्याहारीच्या वेळी...

खड्... खड्... खड्...

परसामागच्या उसातून.

वारा नव्हता. झाकण बसवलेली रायफल कपाटात, कुलपात होती. कुत्रं टेबलाखाली शिरलं.

"क्लाइव्ह, ते देऊन ये रे परत."

"वेडी आहेस? झाकणासकट अशी रायफल जन्मात मिळायची नाही. तू आपल्या चादरी वाळत घाल."

आवाज रोज जवळ येत गेला. आधी पाण्याच्या टाकीपाशी. मग घराखाली. आमची घरं खांबांवर उभी. तो आवाज बरोबर मर्लच्या पायांखालून चालायचा.

क्लाइव्हचं हसणं थांबलं. संग्रहातली दुसरी रायफल भरून तो व्हरांड्यात बसू लागला.

"वाजू दे पुन्हा. कोण आहे म्हणून विचारणारसुद्धा नाही."

मर्ल रडायला लागली.

"रड, मोठ्यानं रड. जपान्याला दया आली तर बघ."

शनिवारी दुपारी त्याला खुर्चीतच डुलकी लागली. मर्लनं किल्ली घेऊन कपाट उघडलं, झाकण उतरवलं, ओल्या टॉवेलात गुंडाळून घट्ट गाठ मारली. मिसेस टनीकडे जायची वाट उसातून होती.

ती फडात शिरली आणि...

खड्... खड्...

मागे. अगदी पाठीशी.

मर्ल थांबली.

आवाज एक पाऊल उशिरा थांबला.

"क्लाइव्ह, मी आहे रे!" ती ओरडली.

व्हरांड्यातून बार झाला.

मर्लचा उजवा पाय मांडीपासून काढावा लागला. क्लाइव्ह कोर्टात एवढंच म्हणत राहिला, "आवाज आला, म्हणून झाडली." मिसेस टनी इस्पितळात आली, ते ऐकून म्हणाली, "जॅकही हेच म्हणायचा." त्याच हिवाळ्यात ती गेली. क्लाइव्ह तुरुंगातून सुटला तो कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही. त्यानं बायकोला एकदाही तोंड दाखवलं नाही. रायफल पोलिसांनी नेली.

टॉवेल मला फडात सापडला. गाठ तशीच होती. मी माझ्या हातांनी सोडली.

आत काही नव्हतं.

मर्ल आता माझ्याकडे राहते. तिच्या कुबड्यांना मी खालून रबर बसवून घेतलंय. अजिबात वाजत नाहीत.

तरी कधी भर दुपारी ती ओसरीवरून येते, मध्येच थांबते...

आणि काहीतरी एक पाऊल उशिरा थांबतं.