दिनेशचा वाढदिवस

मुरबाडच्या एसटी स्टँडवर उतरल्यापासून रंजिताने तिघांना पत्ता विचारला होता. एकाने नुसती मान हलवली, दुसऱ्याने "कसली मिटिंग?" म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, आणि तिसरा पानवाला तिच्या बापाकडे, अनंताकडे बघून फिदीफिदी हसला. अनंता चपलेने माती उकरत उभा होता. तीन दिवस प्यायला नव्हता, हात थरथरत होते. अजून पाच मिनिटं गेली असती तर तो परतीच्या गाडीत जाऊन बसला असता.

"दारू सोडायची मिटिंग ना?" मागून कुणीतरी हळूच म्हणालं. "या माझ्यामागनं."

तिने वळून पाहिलं. चौकटीचा शर्ट, बोटांवर वार्निशचे काळे डाग.

"तुमाला कशी म्हायती?"

"मीबी तिथंच चाललोय."

"कुणाला घेऊन?"

"स्वतःलाच." तो हसला. "लय हट्टी हाय, पण येतो."

तिला नको असताना हसू आलं...

त्याचं नाव दिनेश, शहापूरला पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. तिथे सगळेच ओळखीचे, म्हणून रविवारी इतक्या लांब मुरबाडला यायचा. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. मिटिंग एका शाळेत भरायची; पिणारे वर्गात बसायचे, घरची माणसं बाहेर ओट्यावर. पुढच्या रविवारी तो पळसाच्या पानात करवंदं घेऊन आला.

"आंबट निघाली तर?" रंजिताने विचारलं.

"तर तोंड वाकडं कर. तसंबी चांगलं दिसेल."

"बघणार कोण?"

"मी कशाला बसलोय मग?"

असे रविवार जात राहिले. अनंता दोनदा घसरला, दोनदा परत आला. दुसऱ्या वेळी तर दिनेशच टोकावड्याला, त्यांच्या गावी जाऊन, ढाब्यामागून त्याला उठवून घेऊन आला. त्या दिवशी तो रंजिताला म्हणाला, "मिटिंगमध्ये सांगतात, सोडल्यावर पहिलं वर्ष कुणाला शब्द देऊ नको."

"मी कुठं मागितलाय?"

"तुझे डोळे मागतात गो."

"मग डोळ्यांत कशाला बघतोस?"

"दारू सोडलीय... बघायचं कुठं सोडलंय?"

घरी तिच्या आईने, सकुबाईने आटगावचं स्थळ आणलं होतं. मुलगा कंपनीत, सुपारीचं खांडही न खाणारा. "एका दारुड्यापायी माझा जन्म गेला," ती म्हणाली. "तुला दुसरा कशाला?"

"तो पीत नाय, आये. या रविवारी वर्ष होतंय. तू ये, बघ, मग बोल."

"बघते," एवढंच सकुबाई म्हणाली. रंजिताला तेवढं पुरलं.

दारू सोडून वर्ष झालं की मिटिंगमध्ये त्याला वाढदिवस म्हणतात. त्या दिवशी घरच्यांनाही वर्गात बसवतात. टेबलावर हार होता, पेढे होते, छोटं मेडल होतं. रंजिताने अबोलीचा गजरा माळला होता. दिनेश उभा राहिला, पण तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

"मी दिनेश. मी मद्यपी आहे. आज माझा..." तो थांबला. "आज माझा दुसरा दिवस."

त्याने टेबलावरचा हार बाजूला सारला.

"शुक्रवारी चुलतभावाची हळद होती. एकच ग्लास म्हणून घेतला, मग मोजले नाय. ते मेडल मला देऊ नका."

पहिली टाळी वाजवली ती अनंताने. मग सगळ्यांनी. सकुबाई पदर सावरत उठली आणि बाहेर निघून गेली.

ओट्यावर रंजिताने त्याला गाठलं. "कुणाला म्हायती होतं?"

"इथं कुणालाच नाय."

"मग आज गप बसला असतास तर—"

"तर तुझी आई हो म्हणाली असती." तो म्हणाला. "काल दिवसभर तेच ठरवत होतो. एक दिवस गप बसायचं... पण मग तुझ्याशी रोजच गप बसायला लागलं असतं. तेवढं नाय जमलं."

इतका आवडता तो तिला कधीच वाटला नव्हता. त्याचाच तिला राग आला.

"अजून एक वर्ष... मागू का?" त्याने विचारलं.

फाटकापाशी आई उभी होती. पंचेचाळिशीची बाई, साठीची दिसत होती.

"संध्याकाळी बा घरात आला की आये आधी त्याचं तोंड हुंगते," रंजिता म्हणाली. "पाणी नंतर देते. मीबी तशीच होईन दिनेश. तू प्यायलेला नसशील तरी हुंगत बसेन. मला तुझ्याजवळ तसं नाय यायचं."

तिच्या केसातला सुटत आलेला गजरा नीट करायला त्याने हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

"थांबू नको मग," तो म्हणाला.

"नाय थांबत," ती म्हणाली, आणि तरी थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

परतीच्या गाडीत अनंता पुढे बसला होता. सरळगाव मागे पडलं तरी सकुबाई खिडकीबाहेरच बघत होती. मग हळूच म्हणाली, "पोरगा खरा हाय. तुझ्या बापानं सव्वीस वर्षांत एकदाबी असं सांगितलं नाय." मग रंजिताकडे वळून म्हणाली, "पन तुला नाय देणार मी त्याला."

"मीच नाय जाणार, आये," रंजिता म्हणाली, आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून टोकावडे येईपर्यंत रडत राहिली.